कॅटचा दुसरा अटेम्प्ट: मॉक कमी केले आणि गाडी रुळावर आली

एमबीएच्या प्रवेशासाठी कॅट परीक्षा देताना पहिल्या वेळी मी मॉकवर मॉक (सराव परीक्षा) देत सुटलो होतो, स्कोअर बघायचा, वाईट वाटून घ्यायचं, पुढचा लावायचा आणि चुका मात्र त्याच त्याच. खरा घात डीआयएलआरमध्ये (आकडेवारी आणि तर्काच्या प्रश्नांचा भाग) झाला, ४० मिनिटं असतात आणि मी पहिल्याच सेटला (एकाच माहितीवरचे काही प्रश्न) वीस मिनिटं चिकटून बसलो.

यावेळी आठवड्याला एकच मॉक. दुसऱ्या दिवशी सगळे प्रश्न घड्याळ न लावता परत सोडवायचे आणि वहीत लिहायचं, चूक का झाली: कन्सेप्टच येत नव्हता, घाई झाली, की सेट निवडायलाच चुकलो. महिनाभरात दिसलं की निम्म्याहून जास्त चुका निवडीच्याच आहेत! मग पहिली ५ मिनिटं फक्त सेट वाचायला ठेवली. ऑप्शनवाल्या प्रश्नात चुकलं की १ मार्क जातो म्हणून तुक्के बंद, पण उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना निगेटिव्ह नसतं, ते कोरे सोडू नका प्लीज.

नोकरीमुळे रात्री डोकं चालायचं नाही, म्हणून पहाटे साडेपाच ते सात बसायचो, फोन आईकडे. पहिले दहा दिवस जाम जड गेले, नंतर तिने हाक मारायच्या आधीच जाग यायला लागली.