नवरा ९२ किलो, मी ५०: जोडीने उडी मारायची तर कोणी कुठला जंपसूट घ्यावा

सुरुवातीलाच सांगते, स्कायडायव्हिंगसाठी, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारायला, आम्ही दोघांनी पहिले सूट बरोब्बर उलटे घेतले होते. ए लायसन्स, म्हणजे यातलं पहिलं लायसन्स, किमान २५ उड्यांनी मिळतं, तिथपर्यंत स्कायडायव्हिंगच्या शाळेचाच सूट असतो, तो ढगळ असतो आणि त्याला इन्स्ट्रक्टरला धरायला पट्ट्या शिवलेल्या असतात, त्यामुळे तेव्हा निवडायचा प्रश्नच येत नाही. लायसन्स झालं, आता दोघंच उडी मारू म्हणून सेकंडहँड सूट शोधायला लागलो आणि मी माझ्यासाठी मोकळाढाकळा कॉटनचा घेतला (कॅलिफोर्नियात पेरिसला उन्हाळ्यात काय भाजतं ते इथे येऊन बघा), आणि नवऱ्याला पोट दिसू नये म्हणून घट्ट, गुळगुळीत स्पॅन्डेक्सचा. दिसायला झकास. विमानातून हात धरून बाहेर पडलो, हात सोडला, आणि हा खाली. म्हणजे खालीच. मी वरून बघतेय, आधी त्याचं हेल्मेट दिसत होतं, मग नुसता ठिपका, आणि मी उडत्या खारीसारखी कापडं फडफडवत वरती लटकलेली.

खाली आल्यावर दोघांच्या अल्टिमीटरचा (उंची मोजणाऱ्या यंत्राचा) लॉग बघितला तर त्याचा सरासरी स्पीड ताशी २०८ किलोमीटर, माझा १८१. हा फरक २७चा, कागदावर काहीच वाटत नाही ना? पण सेकंदाला साडेसात मीटर होतात, दहा सेकंदात ७५ मीटर. पंचवीस मजली बिल्डिंगच्या गच्चीवर मी आणि फुटपाथवर नवरा. हातात हात कसला घेताय!

शाळेत शिकलोय की जड-हलकं सगळं सारख्याच वेगाने पडतं, पण ते हवा नसेल तर. हवेत वजन किती आणि वाऱ्याला लागणारं अंग किती, या दोघांच्या ओढाताणीवर स्पीड ठरतो. पोटावर पडताना तो साधारण ताशी १९०-२०० असतो, वजनदार आणि बुटका माणूस जास्त, उंच आणि काटकुळा कमी. वजन तर एका दिवसात बदलता येत नाही, मग उरतं कापड. म्हणून जड माणसाने ढगळ, खरखरीत कापडाचा सूट घालायचा, पॉलीकॉटन वगैरे, बाह्या रुंद, म्हणजे वारा अडतो. हलक्या माणसाने अंगाला चिकटणारा, स्पॅन्डेक्स किंवा गुळगुळीत नायलॉन. आपल्याला वाटतं त्याच्या अगदी उलट. आणि कापड बघायचं ते पुढच्या बाजूचं, पोट-छाती-मांड्यांचं, कारण वारा तिथे लागतो, पाठीला स्पॅन्डेक्स असला तरी फार बिघडत नाही उलट वाकायला बरं पडतं.

ढगळ म्हणजे गोणपाट नाही हां. रिगच्या, म्हणजे पाठीवरच्या पॅराशूटच्या पिशवीच्या, खालच्या कोपऱ्यात उजव्या हाताला पॅराशूट उघडायचं हँडल असतं, त्याच्यावर जादाचं कापड आलं तर चाचपडत बसाल. रिग घालून, आरशासमोर, तिन्ही हँडल्सना हात लावून बघा, रिझर्व्हचं (राखीव पॅराशूट उघडायचं) आणि कटअवेचं (बिघडलेलं मुख्य पॅराशूट सोडून द्यायचं) पण. माझी आई फोनवर म्हणाली एवढे सूट कशाला, शीतल महाजनने २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून मारली की उडी! मी म्हटलं आई, ती आधी शेकडो उड्या मारलेली बाई आहे, मला दुकानातली साडी सावरत नाही.

मग नवे सूट मापाचे शिवून घ्यायचे ठरवलं. पंचवीस-तीस मापं मागतात, दंडापासून घोट्यापर्यंत. मी घरी टेप घेऊन बसले आणि एक माप चुकले, खांद्यावरून पुढून खाली, पायांमधून मागे, परत त्याच खांद्यावर. नवरा पोट आत ओढून उभा होता आणि मला ते कळलं नाही. सूट आला, उभं राहिलं की छान, आर्च करायला, म्हणजे पोट पुढे काढून पाठीची कमान करायला गेला की खांद्यापासून खाली काच बसतो, बिचारा वाकेचना. दुरुस्तीला परत पाठवला, तीन आठवडे गेले. माप दुसऱ्याकडून घ्या, श्वास सोडून, रोजचे कपडे घालून.

बूटी, म्हणजे बुटावरून चढणारं सूटचंच कापड, पहिल्या सूटला घेऊ नका असं मला कोचने सांगितलं आणि ते पटलं. पाय सरळ केले की जोरात पुढे नेतात, आणि नवख्याचे पाय कुठे असतात ते त्यालाच माहीत नसतं. हातापायावर ग्रिपर, म्हणजे पकडायला शिवलेल्या जाड पट्ट्या, मात्र घ्या, समोरच्याला पकडायला काहीतरी पाहिजे.

एवढं करूनही मी हलकीच पडत होते, म्हणून शिसं भरलेल्या पिशव्यांची वेस्ट, म्हणजे बिनबाह्यांचं जाकीट. एकदम पाच किलो नको, थोडं थोडं वाढवत जा, कारण हे वजन खाली उतरताना पण पॅराशूटवर असतंच, लँडिंग फास्ट होतं. आपल्या कॅनोपीला (पॅराशूटच्या छत्रीला) किती चालेल ते इन्स्ट्रक्टरला विचारून घ्या. आणि पैसे वाचवायचे तर आधी विंड टनेलमध्ये, म्हणजे खालून जोराचा वारा सोडून माणसाला तरंगवतात त्या नळीत, उसने सूट घालून बघा. तिथल्या माणसाला विचारायचं, मी कितीच्या स्पीडला स्थिर होते, हा कितीच्या, आकडा तिथल्या तिथे कळतो. आम्ही हे सगळं झाल्यावर केलं, अर्थातच.

सूट कितीही बरोबर असला तरी एखाद्या उडीत एकजण खाली जातोच. तेव्हा वरच्याने डोकं खाली करून त्याच्यावर झेपावायचं नाही, कितीही मोह झाला तरी. खालच्याने पाठ कासवासारखी फुगवून वारा धरायचा आणि वर यायचं. नवरा हे आता मस्त करतो, दोघांचा लॉग १९५ आणि १९२ येतो, एवढा फरक हातपाय थोडे आत-बाहेर करून भरून निघतो.

आता दिवाळीला भारतात जाऊन आले, तीन किलो वाढवून, वेस्टमधल्या दोन पिशव्या काढून टाकल्या. नवऱ्याचे चार वाढलेत. बाह्या अजून रुंद करायला सूट परत पाठवलाय.