सम हातातून निसटली की: पबच्या बँडमध्ये बेस वाजवताना

मी एका बँडमध्ये बेस गिटार वाजवते. माझ्या तिसऱ्या की चौथ्या गिगमध्ये, म्हणजे कार्यक्रमात, गायकानं दुसरं कडवं गाळलं. मुद्दाम नाही, शब्द आठवेनात म्हणून त्यानं थेट कोरसवर उडी मारली. गिटारवाला अजून कडव्याच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, वाजवत होता. ड्रमर माझ्याकडे बघत होता. मी तळ्यात-मळ्यात करत थोडा वेळ गिटारबरोबर राहिले, मग गायकाकडे वळले. तोवर गिटारवाल्यालाही चूक कळली होती, तोही वळला, पण माझ्यापेक्षा एक बार, म्हणजे चार मात्रा, उशिरा. पुढची दहा-बारा सेकंदं आम्ही चौघं चार वेगवेगळी गाणी वाजवत होतो. लोक हसले, टाळ्या वाजवल्या, कुणी फार मनावर घेतलं नाही. सामान आवरताना ड्रमर एवढंच म्हणाला, "गायक चुकला तरी तोच बरोबर. तू त्याच्याबरोबर गेली असतीस तर आम्ही सगळे आलो असतो."

मीच का, असं तेव्हा वाटलं होतं. कारण साधं आहे. गिटारवर सी मेजर वाजतोय आणि खाली तुम्ही सी धरलात, तर तो सी मेजर. तुम्ही ए धरलात, तर गिटारवाल्याचा हात तसाच राहूनही ऐकणाऱ्याला ए मायनर सेव्हन ऐकू येतो. सगळ्यात खालचा सूर बदलला की वरच्या सगळ्याचा अर्थ बदलतो. त्यात बेसवाला ड्रमरच्या किकबरोबर, म्हणजे पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमबरोबर, पहिल्या मात्रेवर उतरतो. तबल्याबरोबर गाणारे जिला सम म्हणतात, तिला बँडवाले 'वन' म्हणतात. इथे ती बहुतेक गाण्यांत दर चार मात्रांनी येते, एवढंच. म्हणजे सूर कुठला आणि सम कुठे, हे दोन्ही एकाच वेळी सांगणारा बँडमधला माणूस तुम्ही. नव्यानं बेस घेणाऱ्याला हे कुणी आधी सांगत नाही. सगळे म्हणतात, चारच तारा आहेत, सोपं आहे.

मीही त्याच समजुतीतून आले. दोन गिटारवाले होते, बेसला कुणी नव्हतं, आणि दोघांत माझं गिटार जास्त कच्चं होतं. हौशी बँडमधल्या निम्म्या बेसवाल्यांची गोष्ट अशीच असते. तारा ई, ए, डी, जी, म्हणजे गिटारच्या खालच्या चार, पण एक सप्तक खाली. सगळ्यात जाड ई साधारण 41 हर्ट्‌झवर कंप पावते. तारेची कंप पावणारी लांबी साधारण 34 इंच, त्यामुळे पहिल्या काही पट्ट्यांमधलं अंतर बोटांना जाचतं. हात लहान असेल तर 30 इंची शॉर्ट स्केल बेस मिळतो, त्यात कमीपणा काही नाही. बोट पट्टीच्या मधोमध न ठेवता फ्रेटच्या, म्हणजे गळ्यावरच्या आडव्या धातूच्या, तारेला खेटून मागे ठेवा, निम्मा जोर वाचतो. वाद्य कुठलं घ्यायचं यावर वाट्टेल तेवढी चर्चा करता येते. मी एवढंच म्हणेन की फेंडर या अमेरिकी कंपनीनं 1951 मध्ये आणलेला प्रिसिजन बेस आणि 1960 मधला जॅझ बेस, या दोन घडणींपैकी एकीची नीट सेटअप केलेली साधी नक्कल पबमधल्या कुठल्याही गाण्याला पुरते. प्रिसिजन हे नावही अर्थपूर्ण आहे. आधीच्या उभ्या डबल बेसला फ्रेट नसायचे, सूर कानानं शोधावा लागायचा. फ्रेट आल्यावर तो नेमका लागू लागला.

बोटांनी वाजवायचं की पिकनं, म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या चकतीनं, हा दुसरा न संपणारा वाद. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत वाजवणारा जेम्स जेमरसन उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. स्टुडिओत आयुष्य घालवलेल्या कॅरल के पिकनं वाजवायच्या. दोघांचंही बेस झालं, तुमचंही होईल.

आता घोडं पेंड खातं ती जागा. सूर सुरू करायला कुणीही शिकतं. तो संपवायचा कसा, ते मला दोन वर्षं कळलं नव्हतं. आमच्या एका प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकलं, तेव्हा माझ्या प्रत्येक सुरामागे एक घोंघावणं ऐकू आलं. मी डी तारेवर वाजवत होते आणि खालची ए तार स्वतःहून कंप पावत होती. खोलीत एकटीनं वाजवताना ते भारदस्त वाटायचं, बँडमध्ये त्याचा चिखल व्हायचा. इलाज दोन्ही हातांत आहे. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या पट्टीवर) रोवून न ठेवता तारांबरोबर सरकू द्या: डी वाजवत असाल तर अंगठा ए वर टेकलेला आणि त्याची कड ई ला लागलेली. डाव्या हाताचं बोट सूर संपताना तारेवरून उचलायचं नाही, नुसता दाब सोडायचा. बोट तारेला चिकटलेलंच राहतं आणि आवाज कापल्यासारखा थांबतो.

यासाठी एक कंटाळवाणा सराव आहे, पण तो करा. मेट्रोनोम 60 वर लावा आणि त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतोय असं धरा, म्हणजे स्नेअरच्या, ड्रमरच्या कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमच्या, जागी. एकच सूर पहिल्या मात्रेवर वाजवा आणि तो बरोबर दुसऱ्या मात्रेच्या ठोक्यावर तोडा. मग त्याच्या अर्ध्यावर. मग तो तिसऱ्या मात्रेपर्यंत ताणा. सूर तोच आणि वेगही तोच, तरी तीन वेगळी गाणी वाजल्यासारखं वाटतं. स्नेअर पडताना बेस गप्प असला की स्नेअर मोठा ऐकू येतो. हे उमगल्यावर ड्रमर आपल्याशी प्रेमानं वागू लागतो.

एका संध्याकाळी साधारण 45 मिनिटांचे दोन भाग असतात, म्हणजे वीस-बावीस गाणी. सुरुवातीला मी प्रत्येक गाण्याची ओळ सुरासुरानं पाठ करायचे आणि स्टेजवर एक सूर हुकला की पुढचं सगळं विसरायचे. आता मी आधी गाणं कागदावर मांडते: कडवं आठ बार, कोरस आठ, मध्ये दोन बारांचा थांबा, ब्रिज (मधला वेगळा तुकडा) एकदाच. मग फक्त मूळ सूर, म्हणजे रूट, धरून रेकॉर्डबरोबर अख्खं गाणं न थांबता वाजवते. ते जमलं की ज्या तीन-चार जागा ऐकणाऱ्याला तोंडपाठ असतात, तेवढ्या जशाच्या तशा बसवते. एखाद्या गाण्याची ओळखच बेसची ओळ असेल, तर तिथे हयगय चालत नाही. बाकी फिल, म्हणजे मधल्या जागा भरणारी सजावट, वगैरे वेळ उरला तर. इंटरनेटवरच्या टॅबवर, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते दाखवणाऱ्या लेखनावर, डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सूर बरोबर असला तरी कितीदा तो चुकीच्या तारेवर दाखवलेला असतो आणि हाताची उगाच धावपळ होते.

कॉर्ड नावांनी नव्हे, गाण्याच्या सप्तकात तिचा मूळ सूर कितवा त्या आकड्यांनी लक्षात ठेवा: एक, चार, पाच, सहावा मायनर. कारण गायकाचा घसा बसतो आणि आयत्या वेळी तो म्हणतो, आज दोन पट्ट्या खाली घेऊ. आकडे पाठ असले की हात नुसता सरकतो. ई मधलं गाणं डी मध्ये आणलं तर मात्र पंचाईत: तुमची सगळ्यात खालची मोकळी तार ई आहे, तिच्याखाली डी नाही. मग ती तार डी पर्यंत उतरवून वाजवायचं किंवा पाच तारांचा बेस घ्यायचा. नाहीतर वरच्या सप्तकातला डी वाजवायचा आणि गाणं थोडं हलकं झालेलं चालवून घ्यायचं. मी बहुतेकदा तेच करते.

गिटारवाल्याचा डावा हात वाचायला शिका, पण त्यातही एक खड्डा आहे, मी त्यात पडले आहे. त्यानं जी चा आकार धरलेला दिसला, मी ठामपणे जी वाजवला, आणि असा काही बेसूर आवाज झाला की पुढच्या टेबलावरचा माणूस ग्लास खाली ठेवून बघायला लागला. त्याच्या गिटारला दुसऱ्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून सूर वर नेणारी चिमटी, होता. आकार जी चा, आवाज ए चा. तेव्हापासून प्रत्येक गाण्याआधी माझी नजर पहिल्यांदा कॅपोकडे जाते.

ड्रमरशी बोला. गाण्याबाहेरही बोला. किक कुठे पडणार हे त्याला विचारलं तर तो खूश होऊन दहा मिनिटं सांगेल, आणि त्या दहा मिनिटांत तुमचं निम्मं काम होतं. तो फिल घेतो तेव्हा तुम्ही हात आखडता घ्या. दोघांनी एकाच वेळी करामती केल्या की सम कुणाकडेच उरत नाही. आणि स्टेजवर अंगात येतं, सगळं घाईत सुटतं. ड्रमर पळत असेल तर त्याला रोखायला मागे रेलू नका, त्यानं ओढाताण होते. त्याच्याकडे बघा, फिल बंद करा, सरळ साधे सूर वाजवा. तो बहुधा स्वतःच जागेवर येतो.

अ‍ॅम्पचं गणित घरी आणि पबमध्ये वेगळं. घरी खालचे सूर वाढवून आणि मधले कापून जो गोड आवाज तयार होतो, तो बँड सुरू झाला की गायब होतो, कारण ती खालची जागा किकनं आधीच अडवलेली असते. मधले सूर वाढवा. एकट्यानं ऐकताना आवाज जरा नाकात बोलल्यासारखा वाटेल, सगळ्यांबरोबर तो बरोबर बसतो. खालच्या ई ची लहर हवेत आठ मीटरहून लांब असते, म्हणून छोट्या जागेत एका कोपऱ्यात बेस घुमतो आणि दोन पावलांवर नाहीसा होतो. अ‍ॅम्प कोपऱ्यात कोंबू नका, घुमणं वाढतं. तो जमिनीवर असेल तर आवाज तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतो, कानांना नाही. खुर्चीवर ठेवा किंवा तिरपा करा, नाहीतर तुम्ही आवाज वाढवत राहाल आणि पबचा मालक हातवारे करत येईल. साउंडचेकच्या वेळी कुणाला तरी बेस धरायला देऊन स्वतः खोलीच्या मध्यावर जाऊन ऐका.

जोडणीत दोन चुका महाग पडतात. अ‍ॅम्पचं हेड (आवाज वाढवणारा भाग) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगळं असेल, तर त्यांच्यामध्ये स्पीकरचीच केबल लागते, गिटारची नाही. बाहेरून सारख्या दिसल्या तरी गिटारची केबल तेवढी वीज वाहून न्यायला बनलेली नसते. आणि 8 ओहमचे दोन कॅबिनेट समांतर जोडले की भार 4 ओहम होतो. अ‍ॅम्पला तो झेपतो का, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं, आधी वाचा. तिसरी चूक माझी. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये, म्हणजे ज्याच्या आतच आवाज वाढवणारं सर्किट असतं त्यात, 9 व्होल्टची बॅटरी असते आणि बहुतेक बेसमध्ये केबल खोचलेली असेपर्यंत ती खर्च होत राहते. मी प्रॅक्टिसनंतर केबल तशीच ठेवून झोपले, असं बहुधा आठवडाभर चाललं. गिगच्या दुसऱ्या भागात आवाज आधी फाटू लागला, मग बारीक होत होत गेला. कानाला खडा: आता पिशवीत बॅटरी, जादा केबल आणि वाजवताना समोर ट्यूनर, एवढं असल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही.

कानावरून आठवलं. कामाच्या जागी 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास ही मर्यादा अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेनं सुचवली आहे, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबानं 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. छोट्या जागेत झांजेशेजारी उभं राहिलं की तिथे पोचायला वेळ लागत नाही, आणि आपण बहुधा झांजेशेजारीच उभे असतो. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, सगळे सूर सारखेच कमी करणारे. पहिल्या दिवसापासून घाला. मी उशिरा घातले.

बँड कसा मिळवायचा? बेसवाले कमी असतात, त्यामुळे तुमच्या कल्पनेपेक्षा लवकर मिळतो. दहा गाणी शेवटपर्यंत वाजवता आली की जा. ऑडिशनला लोक बोटांची चपळाई बघत नाहीत. वेळेवर आलात का, सूर लावून आलात का, दिलेली गाणी ऐकून आलात का आणि दोन गाण्यांमध्ये उगाच खाटखुट करत बसता का, हे बघतात. आणि सगळे थांबले तेव्हा तुम्ही थांबलात का, हेही.

कारण रेकॉर्डवर कितीतरी गाणी संपतच नाहीत, कोरस फिरत राहतो आणि आवाज हळूहळू विरतो. पबमध्ये विरता येत नाही, कुणीतरी शेवट ठरवावा लागतो, आणि प्रॅक्टिसमध्ये नेमका तोच राहून जातो, कारण तोवर सगळे पुढच्या गाण्याच्या गप्पा मारायला लागलेले असतात. आम्ही आता सेटलिस्टवर प्रत्येक गाण्यापुढे शेवट लिहितो: 'कोरस तीनदा, मग तोड' किंवा 'हळू होत वनवर शेवट'. मोठ्या अक्षरात, कारण पायाशी अंधार असतो. शेवटची कॉर्ड पडली की गिटार लांबत राहतं, झांज लांबत राहते, मी खालचा ई धरून ठेवते आणि नजर ड्रमरच्या उजव्या हाताकडे. तो झांज पकडायला हात पुढे करतो, त्याची बोटं पितळेला लागतात, त्याच क्षणी मी डावा तळवा तारांवर सपाट टेकवते.