पैसे न देता मंडळाचं काम कसं करून घ्यायचं

इंदूरचं लोकमान्य नगर असो की रामबाग, गणपती जवळ आले की प्रश्न तोच, पोरं फुकट राबतील का? राबतात हो, फक्त मधेच पाकीट काढू नका. मांडववाला, लाइटवाला यांचे पैसे मात्र आधी ठरवून वेळेवर चुकते करा, त्यांचं घर त्यावर चालतं, तिथे भावना आणू नका. बाकी कामं माणूस बघून वाटा, हिशेब आवडतो त्याला वर्गणीची वही, गळा चांगला त्याला आरत्या, आणि "कुणीतरी बघा रे" असं मोघम नको, नाव घालून ग्रुपवर टाका.

उशिरा येणाऱ्याला दंड तर मुळीच नको. इस्रायलमधे हैफाच्या काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर उलट वाढला (२००० साली अभ्यास छापून आलाय), पैसे भरले ना, मग लाज कसली! दंड काढला तरी उशीर काही कमी झाला नाही.

अख्खा समाज असा फुकटात चालेल? मला नाही वाटत, दहा दिवस ठीक आहे, रोज सकाळी कचरागाडी चालवणाऱ्याला पगारच हवा.

शेवटी सगळ्यांना रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत न्या, भुट्ट्याचा कीस, गरमागरम जिलबी, आणि बिल मंडळाच्या खात्यातून, कुणी किती राबलं ते तिथे मोजू नका भिया.