खाणीच्या मातीत खत टाकताना या चुका टाळा

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या लोहखाणींच्या डंपवर, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगावर, लावलेलं रोप पिवळं पडलं की हात आधी युरियाच्या पोत्याकडे जातो. पण डंपची माती ही माती कमी, जांभ्याचा आणि खनिजाचा चुरा जास्त. सेंद्रिय कर्ब नावाला. युरियात 46 टक्के नत्र असतं खरं, पण ते धरून ठेवणारं तिथे काहीच नाही. जूनच्या दोन मोठ्या सरी आल्या की सगळं ओहोळात. उरलंसुरलं रानमोडी हे तण खातं आणि आपल्याच रोपाच्या डोक्यावर चढतं. आधी खड्ड्यात कुजलेलं शेणखत भरा. नत्र नंतर, थोडं थोडं, उघडीप बघून.

सुपर फॉस्फेट नुसतं भुरभुरवणं ही दुसरी चूक. या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) असं धरून बसतं की मुळांच्या वाट्याला फारसं येत नाही. शेणखतात कालवून मुळाजवळ द्या. चुना द्यायचाच असेल तर दोन-तीन आठवडे आधी. युरियासोबत टाकलात तर नत्र अमोनिया होऊन हवेत जाईल.

नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज डंपवर साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला चोथा-गाळ) आणि जिवाणू खतं यांच्या जोरावर झाडं उभी केली. भर सेंद्रियावर होता, हे लक्षात घ्या.

मात्र हाच सल्ला डंपखालच्या भातशेतीत जसाच्या तसा नेऊ नका. लाल गाळ बसलेल्या, पाणी तुंबलेल्या वाफ्यात कच्चं शेण किंवा पाला गाडला की तो कुजताना मातीतला प्राणवायू संपतो, लोह विरघळतं आणि भात ते नको इतकं शोषून घेतो. जुन्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके उतरतात, मुळांवर तांबूस थर बसतो. नत्र कमी पडलं तर जुनं पान सरसकट पिवळं होतं, ठिपके नसतात. हा फरक न बघता युरिया मारणारे बरेच. ठिपके दिसले तर बांध फोडून पाणी काढा, वाफा थोडा सुकू द्या. पालाश (पोटॅश) कमी असेल तर त्रास वाढतो, म्हणून तो तपासून भरून काढा. अमोनियम सल्फेट टाळा, आम्लता वाढते.

आणि नत्र-स्फुरद-पालाशाचा अहवाल चांगला आला म्हणून डंपवर लाल भाजी पेरू नका. त्या तपासणीत जड धातू मोजलेलेच नसतात. ती चाचणी वेगळी मागावी लागते.