युकॉन आर्क्टिक अल्ट्राची तयारी: टायर, घाम आणि देणग्यांचा हिशेब

कॅनडाच्या युकॉनमध्ये २००३ पासून भर हिवाळ्यात ही शर्यत होते. अनेक वर्षं तिचं सर्वांत लांब अंतर ४३० मैल, म्हणजे सुमारे ६९० किलोमीटर होतं. स्टोव्ह, स्लीपिंग बॅग, खाणं सगळं पुल्कावर, म्हणजे कमरेला बांधलेल्या घसरगाडीवर लादून ओढायचं. पारा उणे ४० पर्यंत उतरू शकतो. नवखी माणसं पायांची तयारी करतात, पण तिथे दगा देतात ते हात आणि घाम.

ओढायच्या सरावासाठी कारचा जुना टायर पुरतो, ८ ते १० किलोचा. त्याला भोक पाडून आय-बोल्ट (टोकाला कडी असलेला बोल्ट) बसवा आणि आतबाहेर रुंद वॉशर लावा. नाहीतर बोल्ट रबर फाडून निघतो. टायरच्या आत तारा लागतात, तेव्हा लोखंडात भोक पाडणारं ड्रिल बिट घ्या. दोर ३ मीटर ठेवा. आखूड झाला तर टायर टाचांवर आदळतो. पट्टा पोटावर नको, नितंबांच्या हाडांवर टेकू दे. आठवड्यातून दोनदा एकेक तास, मग चार महिन्यांत पाच-सहा तासांपर्यंत. ओढताना गप्पा मारता येत नसतील तर वेग जास्त आहे, कमी करा.

वेगाचा हा नियम खरा घामासाठी आहे. ओले कपडे थांबल्याबरोबर गोठायला लागतात. म्हणून निघताना थोडं कुडकुडतच निघायचं, चढ लागायच्या आधी जॅकेटची चेन उघडायची आणि थांबलं की आधी पिसांचं जॅकेट, मग बाकी सगळं. ते पुल्कात सर्वांत वर हवं. सुती कापड अंगावर नकोच. महाराष्ट्राच्या हवेत हे शिकता येत नाही. जानेवारीत लडाख किंवा स्पितीत, जाणकारांसोबत, दोन-तीन रात्री बाहेर झोपून बघा.

हातमोजे तीन थरांचे: पातळ, लोकरीचे आणि वर जाड मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र राहणारा मोजा. मिटनला दोरी लावून गळ्यात अडकवा, वाऱ्यात उडाले तर परत मिळत नाहीत. प्रत्येक चेनला ५-६ सेंटीमीटरची दोरी बांधा. मग गच्चीवर, मिटन घालूनच, स्टोव्ह जोडा, पंप मारा, बंद करा. वीस वेळा. साध्या गॅसच्या डब्यावर विसंबू नका: ब्यूटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबतं. द्रव इंधनाचा स्टोव्ह लागतो, पण ते इंधन उणे ४० लाही पातळच राहतं. बोटांवर सांडलं तर क्षणात हिमदंश. बर्फ वितळवताना भांड्यात आधी थोडं पाणी घाला, नाहीतर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. बाटली पुल्कात उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूला धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं.

खाणं घासाएवढे तुकडे करूनच बांधा. अख्खी चॉकलेटची वडी तिथे दाताने तुटत नाही. शेंगदाण्याचे लाडू चालतात, पण लिंबाएवढे नकोत, बोराएवढे करा.

बोट पांढरं, मेणासारखं आणि बधिर झालं की चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. काखेत धरा. बोटात संवेदना परत येत नसेल तर मदत मागा. पण बोट पूर्ण गोठून कडक झालं असेल आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर वाटेत वितळवूच नका, नुकसान वाढतं.

आता पैसे, म्हणजे शर्यतीच्या निमित्ताने एखाद्या संस्थेसाठी देणग्या गोळा करत असाल तर. प्रवेशशुल्क, विमान, साहित्य हा खर्च स्वतःचा. देणगीतला एक रुपयाही त्यात जाऊ नये, आणि हे आवाहनाच्या पहिल्याच ओळीत लिहा. पैसे तुमच्या यूपीआयवर नकोत, थेट संस्थेच्या खात्यात. संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत देणारी मान्यता, आहे का ते आधी विचारा. परदेशी नागरिकांकडून देणगी घ्यायची तर संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते; परदेशात राहणारे पण भारतीय पासपोर्ट असलेले नातेवाईक सहसा त्यात मोडत नाहीत.

‘प्रत्येक किलोमीटरला शंभर रुपये’ असली योजना करू नका. शर्यत सोडावी लागली तरी देणगी संस्थेलाच जाईल, हे लोकांना आधीच सांगा. नाहीतर बोटं बधिर झाली तरी माणूस पुढच्या किलोमीटरच्या पैशांसाठी चालत राहतो.