हॉट रॉडला जुना फोर्ड अ‍ॅक्सल आणि आडवा पाटा बसवताय? या चुका टाळा

अमेरिकेत राहणारी आपली बरीच पोरं आता हॉट रॉड (जुनी गाडी बदलून बनवलेली वेगवान गाडी) बनवायला गॅरेजमध्ये मॉडेल ए, म्हणजे फोर्डची जुनी गाडी, घेऊन बसलीत, छान वाटतं बघून, पण पुढच्या अ‍ॅक्सलचे फोटो आले की त्याच त्या चुका परत परत दिसतात आणि मग राहवत नाही म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

ज्यांना फक्त आपल्याकडच्या ट्रकचे पाटे माहितीयेत त्यांच्यासाठी, जुन्या फोर्डला पुढे दोन बाजूला दोन पाटे नसतात, एकच पाटा आडवा असतो, मधोमध क्रॉसमेंबरमध्ये (चेसिसच्या आडव्या दांड्यात) यू-बोल्टने आवळलेला आणि दोन्ही टोकांना शॅकलने (हलणाऱ्या छोट्या कड्यांनी) अ‍ॅक्सलच्या पर्चला (पाटा अडकवायच्या खुंटीला) लटकलेला. 1928 ते 1934 पर्यंत हा पाटा अ‍ॅक्सलच्या डोक्यावर होता, 1935 पासून अ‍ॅक्सलच्या पुढे गेला. म्हणजे 1940 चा विशबोन (अ‍ॅक्सलला मागून धरणारा व्ही आकाराचा दांडा) आणि 1932 चा अ‍ॅक्सल "दोन्ही फोर्डच आहेत" म्हणून एकत्र विकत घेऊ नका, पाटा कुठे येणार ते आधी ठरवा.

आता माझ्या सगळ्यात नावडत्या चुकीबद्दल. रिकामी चेसिस स्टँडवर ठेवायची, लेव्हल लावायची, क्रॉसमेंबर फुल वेल्ड करून टाकायचा आणि मग म्हणायचं झालं काम. अरे गाडी अजून जमिनीवर कुठे आलीय? एका ओळखीच्याची 1929 ची रोडस्टर अशीच बनली होती. चेसिस सपाट असताना कॅस्टर (पुढचं चाक ज्या किंगपिनवर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) एकदम बरोबर होता, पण मागे मोठे टायर आणि पुढे छोटे टायर लागले, नाक खाली गेलं आणि नाक जेवढं झुकतं तेवढ्या डिग्री कॅस्टर कमी होतो हा साधा हिशोबच कुणी केला नव्हता. ताशी पंचेचाळीस मैलाच्या आसपास पुढची चाकं अशी थडथडायची की स्टेअरिंग हातात राहायचं नाही. त्याने टायर बदलले, बॅलन्सिंग केलं, स्टेअरिंग डॅम्पर (थरथर दाबणारा शॉक) लावला, शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून फोर-बारचे (अ‍ॅक्सलला धरणारे चार दांडे) रॉड फिरवून कॅस्टर वाढवला. वॉबल गेला, पण गाडी दगडासारखी कडक झाली आणि शॅकलचे बुश एका बाजूने पिळून बाहेर यायला लागले.

कारण काय, तर अ‍ॅक्सल मागे झुकला पण क्रॉसमेंबर तिथेच राहिला, त्यामुळे पाटा मधे एका कोनात आवळलेला आणि टोकांना दुसऱ्या कोनात ओढलेला, तो पिळवटला की शॅकल हलणार कसे? गाडी उचलून यू-बोल्ट सैल केले तर पाटा आपोआप फिरला, तेव्हा कुठे त्याला पटलं. मग क्रॉसमेंबर कापून परत बसवावा लागला, रंग झालेल्या चेसिसवर.

माझी सवय अशी की क्रॉसमेंबर फक्त टॅक करायचा (तात्पुरते वेल्डचे ठिपके मारायचे), मग इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि जे टायर रस्त्यावर लागणार तेच टायर लावून गाडी जमिनीवर ठेवायची, आणि अँगल गेज किंगपिनला आणि पाट्याच्या सीटला दोन्हीकडे लावायचं. पाच ते सात डिग्री मागे आणि दोन्ही आकडे सारखे पाहिजेत. एक-दोन डिग्रीचा फरक असेल तर टेपर वेज (निमुळती पाचर) चालते, त्यापेक्षा जास्त असेल तर टॅक तोडा. याला वेळ लागतो, लागू दे, ज्याला शनिवारी सुरू करून रविवारी चालवायचीय त्याने हे काम हातात घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शॅकलचंही तसंच. पूर्ण वजन आल्यावर शॅकल साधारण 45 डिग्रीत पाहिजे. आडवा झोपला तर पाटा तोकडा आहे, सरळ खाली लटकला तर पाटा लांब आहे आणि गाडी आडवी डोलणार. टेबलावर ठेवून मोजलेली आय-टू-आय (एका टोकाच्या वळीपासून दुसऱ्या टोकाच्या वळीपर्यंतची) लांबी इथे कामाची नाही.

दुसरी चूक, याच्यात माणूस जखमी होतो म्हणून ओरडून सांगतोय: पाट्याचा सेंटर बोल्ट नुसता खोलू नका. गाडी खाली घ्यायची म्हणून उलट्या आयचा (टोकाची वळी उलट्या बाजूला असलेला) मेन पाटा टाकतात, साधारण एक-सव्वा इंच फरक पडतो, ठीक आहे, पण ते सगळे पाटे एकमेकांवर दाबून बसलेले असतात आणि नट शेवटच्या आट्यांवर आला की उसळतात. दोन्ही बाजूंना जाड सी-क्लॅम्प लावा, जुना बोल्ट काढून लांब थ्रेडेड रॉड घाला, मग क्लॅम्प काढून नट हळूहळू सोडा, आणि उभं राहायचं बाजूला, पाट्याच्या वर वाकून नाही. शॅकलमध्ये बसवताना पाटा ताणायला स्प्रेडर मिळतो, तो वापरा किंवा मागून आणा. साखळी आणि जॅकचा जुगाड करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, तिथून निघून जातो.

ट्यूब अ‍ॅक्सल आणि स्प्लिट विशबोन एकत्र लावू नका. विशबोन मधून कापून दोन बाजूंना चेसिसला जोडला की एक चाक खड्ड्यात गेल्यावर अ‍ॅक्सलला पिळावं लागतं. फोर्ज केलेला आय-बीम तेवढा पिळतो, ट्यूब पिळत नाही, मग ताण ब्रॅकेटवर आणि वेल्डवर येतो. फोर्डने 1937 ला व्ही8-60 ला (60 अश्वशक्तीच्या व्ही8 इंजिनाच्या गाडीला) ट्यूब अ‍ॅक्सल दिला तेव्हा विशबोन अखंड होता. ट्यूब हवाच असेल तर फोर-बार लावा.

शेवरोले व्हेगाचा स्टेअरिंग बॉक्स लावून क्रॉस स्टेअर (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, आडवा) करताय तर पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा, चेसिसला जोडलेला दांडा) पाहिजेच, कारण शॅकलवर अ‍ॅक्सल आडवा सरकतो आणि स्टेअरिंग आपोआप वळतं. रॉड ड्रॅग लिंकला समांतर आणि शक्य तितका तेवढ्याच लांबीचा ठेवा.

ड्रॉप अ‍ॅक्सल (गाडी खाली यावी म्हणून जास्त वाकवलेला) घेतलात तर टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) विशबोनला घासतो का ते आधी बघा, स्टीअरिंग आर्म बहुतेक वेळा खाली वाकवावे लागतात. तापवून वाकवल्यावर हवेतच गार होऊ द्या, पाणी टाकू नका.

पाट्यांना क्रोम करू नका, प्लेटिंगमध्ये हायड्रोजन आत शिरतो आणि कडक स्टीलला तडे जातात.

1942 ते 48 च्या अ‍ॅक्सलचा किंगपिन बॉस (किंगपिन बसतो तो टोकाचा भाग) आधीच्यापेक्षा उंच असतो, वेगवेगळ्या वर्षांचे स्पिंडल (ज्यावर चाक बसतं तो भाग) मिसळण्याआधी मोजा.

किंगपिनचे बुश ड्रिलने मोठे करू नका, रीमरच लावा.

टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूने किती आत वळलीत ते) 1/16 ते 1/8 इंच. आणि एवढं सगळं तपासून झाल्यावरच डॅम्परचा विचार करा, त्याच्या आधी नाही.