हिवाळी पाहुण्यांची हद्द कानाने कशी शोधावी

पुण्यात ऑक्टोबर लागला की सोसायटीतल्या शिरीषावर, करंजावर एक घाईघाईची शिट्टी सुरू होते: ‘चिविट... चिविट’. हा हिरवट वटवट्या, म्हणजे ग्रीनिश वॉर्बलर. लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर, आणि आलेला असतो हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून. इथे त्याला ना घरटं बांधायचंय, ना जोडीदार शोधायचाय. किडे मिळणारं झाड मात्र धरून ठेवायचंय, आणि हे काम नर-मादी दोघंही आपापलं स्वतंत्र करतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. फक्त याला रुमाल सारखा टाकत राहावा लागतो.

ही हद्द शोधायला दुर्बीण लागत नाही. कोरा कागद, पेन्सिल आणि घराजवळची पाच-सहा झाडं पुरतात. टेकडीवर जाल तर वेताळ टेकडीचा उतार उत्तम, पण सुरुवात गच्चीतून करा. रोज त्याच जागी बसता येणं जास्त महत्त्वाचं.

आधी झाडं वरून दिसतील तशी कागदावर काढा. सूर्योदयानंतरचा पहिला तास बसा. आवाज आला की त्या झाडावर फुली आणि वेळ. दोन आवाज एकाच वेळी दोन बाजूंनी आले तर दोन्ही फुल्या रेघेने जोडा. या जोडरेघाच सगळ्यात मोलाच्या, कारण तिथे दोन पक्षी आहेत हे नक्की होतं. आठवडाभरात फुल्यांचे पुंजके दिसतील आणि मधे कुठेतरी रिकामी पट्टी. हद्द साधारण तिथे. त्या पट्टीजवळ ‘चिविट’चा वेग वाढतो, मग पानांतून एकामागे एक दोन ठिपके सुसाट जातात आणि लगेच शांतता. भांडण मिटलं, दोघं पुन्हा किडे वेचायला. दहा ग्रॅमही न भरणाऱ्या जिवाला मारामारी महागात पडते, ओरडणं स्वस्त.

माझ्या पहिल्या नकाशावर एका आंब्यावर चाळीस फुल्या होत्या. चौथ्या दिवशी खाली वाकून पाहिलं तर खार. तेव्हा एकाच लयीत न थांबता चालणाऱ्या ‘चिक-चिक’वर विश्वास ठेवू नका. तसंच सगळे पक्षी एकदम कलकलले तर तो हद्दीचा वाद नसतो, बहुधा शिक्रा हा शिकारी पक्षी आलेला असतो.

कान बसला की झुडपांकडे वळा. घाणेरीच्या जाळीतून दगडावर दगड हलकेच आपटावा तसा ‘चक्... चक्’ आला तर तो ब्लिथचा वटवट्या, म्हणजे ब्लिथ्स रीड वॉर्बलर, असू शकतो. दिसायचा हट्ट धरू नका, फार लपतो. गप्पीदासाचाही (स्टोनचॅट) आवाज तसाच, पण तो उघड्यावर, काटकीच्या टोकावर बसतो. नदीकाठी, पुण्याजवळच्या कवडीपाटला वगैरे, धोबी पक्षी (वॅगटेल) ऐका. हा इतका हद्दखोर की गाडीच्या आरशातल्या धोब्याशीही भांडतो.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. १९७०च्या दशकात पक्ष्यांच्या वागण्याचे अभ्यासक जॉन क्रेब्स यांनी ऑक्सफर्डजवळच्या वायथॅम जंगलात काही ग्रेट टिट पक्षी त्यांच्या हद्दीतून हलवले आणि काही रिकाम्या जागांत स्पीकरवर त्यांचं गाणं लावलं. गाणं वाजत होतं तिथे नवे पक्षी उशिरा घुसले. म्हणजे नुसत्या आवाजावर पक्षी वागणं बदलतो. तुमच्या मोबाइलमधला शत्रू शोधण्यात त्याची सकाळची न्याहारी जाते. पक्ष्यांचे आवाज ओळखणारं मर्लिनसारखं ॲप ऐकण्यापुरतं चालू ठेवायला हरकत नाही, पण रिक्षांच्या गोंगाटात तेही फसतं.

मार्चमध्ये कान पुन्हा टवकारा. परतीच्या आधी वटवट्या कधीकधी आखूड ‘चिविट’ सोडून अख्खं गाणंच म्हणतो. तोवर करंजाला नवी पालवी फुटलेली असते. एप्रिल सरता सरता झाड गप्प झालं की कागदावर शेवटच्या आवाजाची तारीख टाका आणि घडी घालून कॅलेंडरमागे खोचून ठेवा. ऑक्टोबरमध्ये तोच कागद पुन्हा काढायचाय.